समुपदेशन केंद्राला साडेतीन तारे, अर्धा जिन्यामुळे कापला

हॉजकिन लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर), वय २४, सहा महिन्यांत १२ केमो. रिपोर्ट क्लीन आला त्या दिवशी आईने पेढे वाटले नि घरच्यांनी विषय संपवला. माझा तिथून सुरू झाला. तपासणी जवळ आली की आठवडाभर झोप नाही, आरशापुढे मान चाचपत उभा.

आधी एका ठिकाणी 'पॉझिटिव्ह राहा' ऐकायचे ७०० रुपये मोजून आलो होतो. मग इंदूरच्या पलासियाजवळचं हे समुपदेशन केंद्र. टेबलावर लाल सरबताचा पेला होता. मी खुर्ची मागे सरकवली. केमोतलं डॉक्सोरुबिसिन हे औषध तस्संच लाल असतं. समुपदेशक ताईंनी काही न विचारता पेला बाहेर नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाल्या, "वासाचाही त्रास होतो का रे?" होतो! हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

काळजीसाठी रोज संध्याकाळी २० मिनिटं ठरवून दिली. बाकी वेळी आली की वहीत नोंदवायची, सहाला बघू म्हणायचं. वेडगळ वाटलं, पण चाललं. मुलीकडच्यांना कधी सांगायचं, केमोआधी वीर्य गोठवून ठेवलंय हे कसं बोलायचं, यावर दोन अख्खी सत्रं गेली. (आत्या स्थळं आणतेय.)

तक्रारी? शनिवारच्या गटात सगळे साठीचे काका, पेन्शनवर चर्चा. पंधरा ते एकोणचाळीस वयाचा वेगळा गट हवाच. आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही, केमोनंतरच्या थकव्याला.

रात्री-अपरात्रीसाठी ताईंनी टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, सरकारी नि फुकट. पुढची तपासणी मंगळवारी. सोमवारची वेळ घेतलीय.