तिने केले काय? : रावपुऱ्यातील एका सन्मानचिन्हांच्या दुकानाविषयी

आमच्या छोट्या मराठी मंडळाने यंदा प्रथमच तीन तरुण अभियंत्यांचा, तिघीही मुलींचा, सत्कार करायचे ठरवले आणि त्यासाठी लागणारी सन्मानचिन्हे रावपुऱ्यात मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतील जुन्या दुकानातून करून घेतली. पुढे एक तक्रारही नोंदवायची असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. दारावर पितळी घंटांची माळ टांगलेली आहे, एवढी खूण बडोदेकरांना पुरावी. शाळांचे चषक, सोसायट्यांच्या क्रिकेट स्पर्धांच्या ढाली आणि नवरात्रातील गरब्याची बक्षिसे हा या दुकानाचा मुख्य व्यवसाय असून आमच्यासारखे तीन नगांचे गिऱ्हाईक तेथे अगदीच किरकोळ ठरते. तरीही मालकांनी आम्हाला पाऊण तास दिला, आणि तो पाऊण तास हेच या परीक्षणाचे खरे कारण आहे.

सत्काराचा दिवस आम्ही 23 जून धरला होता. ब्रिटनमधील महिला अभियंत्यांची संस्था 1919 साली याच तारखेला स्थापन झाली; तिच्याच पुढाकाराने 2014 पासून हा दिवस तेथे महिला अभियंत्यांचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि 2017 पासून तो आंतरराष्ट्रीय झाला. भारतात अभियंता दिन विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, 15 सप्टेंबरला असतो, परंतु त्या सुमारास गणपतीच्या गडबडीत मंडळाला सभागृह मिळणे कठीण, हे व्यावहारिक कारणही जूनच्या बाजूने होते.

प्रथम दुकानाच्या नमुनावहीबद्दल. अभियंत्यांसाठी म्हणून जे नमुने दाखवण्यात आले, त्यांतील सर्वांत खपाचा नमुना म्हणजे सोनेरी मुलाम्याची एक मूर्ती: डोक्यावर शिरस्त्राण, काखेत आराखड्याची गुंडाळी आणि ओठांवर भरघोस मिशी. मुलींसाठी काही वेगळे आहे का, असे आमच्यातील एकाने विचारताच दुसरी वही निघाली; तिच्यात वीणाधारी सरस्वती, समई आणि पंख पसरलेली गुलाबी परी होती. यात दुकानाचा दोष फारसा नाही, कारण गिऱ्हाईक मागते तेच वहीत चढते. मी स्वतः 34 वर्षे स्विचगिअरच्या, म्हणजे वीजप्रवाह जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांच्या, कामात घालवली आहेत. एका वर्षी कारखान्याच्या समारंभात पुरुष सहकाऱ्यांना मनगटी घड्याळे मिळाली आणि मला हळदीकुंकवाचा चांदीचा करंडा मिळाला, त्यावर ‘सप्रेम भेट’ एवढेच कोरलेले होते. करंडा चांगला आहे, अजून वापरात आहे. मात्र तो कशाबद्दल मिळाला, हे दर चैत्रात सुनेला तोंडी सांगावे लागते.

मूर्ती आणि परी दोन्ही बाजूला ठेवून आम्ही सागवानी पाटावर बसवलेली साधी पितळी पट्टी निवडली आणि मजकुराचा कागद पुढे केला. कागदावर तीन नावे होती आणि तिन्ही नावांखाली एकच वाक्य होते: ‘अभियांत्रिकी क्षेत्रातील उल्लेखनीय कामगिरीबद्दल सन्मानपूर्वक प्रदान’. मालकांनी, ज्यांना गल्लीत सगळे काका म्हणतात, चष्मा वर करून तो वाचला आणि गुजरातीत विचारले, “बेन, एणे कर्युं शुं?” तिने केले काय? मी उत्तर द्यायला सुरुवात केली तेव्हा ते पुढे म्हणाले की हे जे तुम्ही तोंडाने सांगता आहात ते कागदावर नाही. तिन्ही पाट्यांवर एकच ओळ असेल तर समारंभात पाट्यांची अदलाबदल झाली तरी कोणाला कळणार नाही. तीस-चाळीस वर्षे ढाली कोरणाऱ्या माणसाने हे सांगावे आणि तीन बैठका घेणाऱ्या आमच्या समितीला ते सुचू नये, याची थोडी लाज वाटली.

त्यांनी एक मर्यादाही घालून दिली. सहा इंच बाय चार इंचाच्या पट्टीवर नाव आणि तारीख सोडून पंचवीस शब्दांच्या पुढे गेले की अक्षर इतके बारीक होते की पाटी भिंतीवर लावल्यावर कोणी वाचत नाही. ही मर्यादा आम्हाला फार उपयोगी पडली, कारण पंचवीस शब्दांत ‘उल्लेखनीय’, ‘गौरवास्पद’, ‘प्रेरणादायी’ यांना जागा उरत नाही. आम्ही घरी परतलो, तिघींना दूरध्वनी केले, त्यांना त्यांचे काम पुन्हा नीट विचारले आणि दोन दिवसांनी नवा कागद घेऊन गेलो.

पहिली मुलगी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात चाचणी विभागात आहे. तिची ओळ अशी झाली: ‘ट्रान्सफॉर्मरच्या बंद टाकीत आंशिक विसर्जन नेमके कोठे होते आहे, हे ध्वनिसंवेदकांच्या साहाय्याने शोधण्याची पद्धत आपल्या चाचणी विभागात रुजवली.’ ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर विद्युतरोधकात कोठे हवेची सूक्ष्म पोकळी राहिली असेल तर तेथे बारीक ठिणग्या पडत राहतात (हेच आंशिक विसर्जन), कालांतराने त्या रोधकाला पोखरतात, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर कानाला न ऐकू येणारा एक आवाज तेलातून टाकीच्या भिंतीपर्यंत पोहोचतो; भिंतीवर तीन-चार ठिकाणी संवेदक लावून तो आवाज कोठे आधी पोहोचला आणि कोठे नंतर, यावरून दोषाची जागा काढता येते. हे लिहिताना मला हर्था आयर्टन यांची आठवण झाली. कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युतज्योत कशामुळे फुसफुसते, याचा शोध घेऊन त्यांनी दाखवून दिले की तापलेल्या कार्बनला हवेतील प्राणवायू जाऊन भिडतो, त्याचा तो आवाज असतो. त्या कामामुळे 1899 मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना पहिली स्त्री सदस्य करून घेतले. मात्र 1902 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधील विज्ञानसंस्थेने त्या विवाहित स्त्री आहेत या कारणावरून त्यांना सदस्यत्व नाकारले आणि त्याच सोसायटीने 1906 मध्ये त्यांना ह्यूज पदक दिले. म्हणजे पदक चालले, पण शेजारची खुर्ची चालली नाही.

दुसरी मुलगी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या पुलाच्या कामावर काँक्रीटची गुणवत्ता पाहते. तेथील चाळीस मीटर लांबीच्या एका अखंड गर्डरचे वजन सुमारे 970 टन असते आणि आमच्याकडच्या मे महिन्यात काँक्रीट ओतताना त्याचे तापमान मर्यादेबाहेर गेले तर पुढे भेगा पडण्याचा धोका असतो. मिश्रणात बर्फ किती घालायचा आणि रात्री कोणत्या वेळी ओतायचे, याचे वेळापत्रक तिने सलग दोन उन्हाळे सांभाळले, आणि तेच आम्ही पट्टीवर घातले. तिसरी अजून विद्यार्थिनी आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी घरात शिरले, त्यानंतर तिने पुलाच्या कठड्यावरून नदीची पातळी मोजून मोबाइलवर कळवणारे, सौरऊर्जेवर चालणारे यंत्र स्वतः बांधले आणि एक संपूर्ण पावसाळा चालवून दाखवले. मगरींच्या भीतीने पाण्याजवळ उतरून पट्टी वाचायला कोणी तयार नसते, म्हणून यंत्र वरूनच ध्वनिलहरींनी मोजते, हा तपशील शब्दमर्यादेमुळे गाळावा लागला, याचे मला अजून वाईट वाटते.

मजकुराच्या डोक्यावर ‘महिला अभियंता’ लिहायचे की नुसते ‘अभियंता’, यावर समितीत बराच खल झाला आणि दुकानदाराला ताटकळावे लागले. ‘अभियंती’ हा शब्दही एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवला, परंतु तो तिघींपैकी एकीलाही आपला वाटला नाही. माझे मत असे होते, आणि अजूनही आहे, की कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर मुलींचा उल्लेख अवश्य असावा, कारण सभागृहात बसलेल्या आठवीतल्या मुलीला तो दिसायला हवा. मात्र पट्टीवर कामाचा उल्लेख आहे आणि कामाला लिंग नसते. 1943 मध्ये मद्रासमधील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या ए. ललिता यांच्या पदवीपत्रावरील छापील पुल्लिंगी सर्वनाम हाताने खोडून तेथे स्त्रीलिंगी लिहावे लागले होते, असे सांगतात. पुढे याच ललिताबाईंनी भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर काम केले. आपल्या बडोद्यात तर एका शब्दाचे मोल सांगायला दूर जाण्याची गरज नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द बदलून ‘सर्व मानव’ करायला लावले होते, आणि तो जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 रोजी संमत झाला. ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, त्याच्याच तंत्रज्ञान विद्याशाखेत, म्हणजे 1890 च्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेच्या वारशात, आमची तिसरी मुलगी शिकते. शेवटी पट्टीवर ‘अभियंता’ राहिले.

आता कारागिरीविषयी. पितळेवर अक्षरे उमटवण्याचे दोन प्रकार दुकानात आहेत. लेझरचे काम झटपट आणि स्वस्त, परंतु त्याची खूण उथळ असते. दुसरा प्रकार आम्लाने कोरण्याचा: अक्षरे सोडून बाकी पट्टी झाकायची, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवून उघडे पितळ खाऊ द्यायचे, मग खाचांत काळा रंग भरून वर लाखेचा पातळ थर द्यायचा. काकांनी स्वतःहून दुसरा प्रकार सुचवला आणि कारणही घरगुती दिले: दिवाळीला कोणीतरी पितांबरी घेऊन पाटी घासणारच, तेव्हा लेझरची अक्षरे फिकी पडतील आणि कोरलेली राहतील. कोरलेल्या अक्षरांवरून नख फिरवले तर खोली स्पष्ट जाणवते, कडा स्वच्छ आहेत आणि पट्टी पाटावर चिकटवलेली नसून चार पितळी स्क्रूंनी बसवलेली आहे. पाटाचे सागवान चांगले वाळलेले, मागे टांगण्याची कडी मजबूत. प्रत्येकी 1,450 रुपये पडले, निम्मी रक्कम आगाऊ, बिल पक्के. या दर्जाला मला ते रास्त वाटले. सोबतची मखमली पेटी मात्र अगदी सुमार असून तिचे झाकण पहिल्याच दिवशी निखळले.

तक्रार देवनागरीची आहे. आमचा मजकूर आम्ही मोबाइलवर पाठवला, दुकानाने त्याची प्रतिमा मंजुरीसाठी परत पाठवली आणि ती निर्दोष होती. परंतु प्रत्यक्ष कोरण्यासाठी संगणकचालकाने तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये पुन्हा टाइप केला आणि पट्टी तयार झाली तेव्हा ‘मंडळ’ चे ‘मंडल’ झाले होते व ‘विश्वामित्री’ मधील जोडाक्षर पाय मोडून दोन तुकड्यांत उभे होते. गुजरातीतही ळ आहे, तेव्हा अडचण उच्चाराची नव्हती. चालकाला देवनागरी म्हणजे हिंदीचीच सवय होती. दुसऱ्यांदा टाइप केलेला मजकूर गिऱ्हाइकाला न दाखवता थेट पट्टीवर चढवणे ही चूक इतक्या अनुभवी दुकानाकडून अपेक्षित नव्हती. पट्ट्या विनामूल्य नव्याने करून मिळाल्या, मात्र पाच दिवसांचे आठ झाले आणि समारंभाच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता माल हातात पडला. दिलगिरीचा शब्द काही निघाला नाही, चहा निघाला. मराठी मजकूर देणाऱ्यांनी कोरण्यापूर्वीची अखेरची प्रत दुकानात स्वतः जाऊन, ळ आणि जोडाक्षरे बोटाने दाखवत तपासावी, असे माझे सांगणे आहे.

समारंभात सूत्रसंचालकांनी विशेषणे न लावता पट्ट्यांवरील ओळी जशाच्या तशा वाचल्या. गर्डरच्या वजनाला सभागृहात कुजबुज झाली, आणि विश्वामित्रीच्या यंत्राविषयी कार्यक्रम संपल्यावर दोन गृहस्थांनी त्या मुलीला गाठून आपल्या सोसायटीसाठी ते मिळेल का, अशी चौकशी केली. सत्काराला आलेल्या माणसाने सत्कारमूर्तीला कामाचा प्रश्न विचारावा, हे मी आमच्या मंडळात प्रथमच पाहिले.

ट्रान्सफॉर्मरवाली मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी घरी आली आणि संकोचाने म्हणाली, “काकू, ‘रुजवली’ बरोबर नाही. संवेदक कोठे लावायचे ते मी ठरवले, पण आकडेमोडीचा भाग माझ्या सहकारी मैत्रिणीचा होता. तिची भाषा मराठी नाही म्हणून तिचे नाव तुमच्या यादीत आले नसेल, पण पाटीवर तरी एकटीचे नको.” मी तिला घेऊन पुन्हा त्या गल्लीत गेले. काकांनी तक्रार ऐकली, स्क्रू काढून पट्टी वेगळी केली, नव्या पट्टीचे 220 रुपये सांगितले आणि या वेळी कागद आमच्यापुढे सरकवून चालकाला दुकानातच टाइप करायला बसवले. मैत्रिणीचे नाव बसवण्यासाठी ‘बंद’ हा शब्द काढावा लागला. नवी पट्टी गुरुवारी मिळणार आहे. तोवर चारही स्क्रू माझ्या करंड्यात ठेवले आहेत.