ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि सीटी ऑनलाइन शिकायचंय? आधी फुकटचं संपवा

ज्युनिअर लोक सारखं विचारतात की सर, बेसिक्स परत करायचेत, कुठला कोर्स घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी फिजिशियन आहे, आयसीयू आणि वॉर्ड बघतो, रात्री सीटी होतो, रिपोर्ट सकाळी येतो आणि ठरवायचं मात्र आत्ता असतं, त्या नजरेतून वाचा. पीजी एन्ट्रन्सवाल्यांना याचा काही उपयोग नाही, तुमचं जग वेगळं.

माझी एकच कसोटी आहे, साइटवर अख्खा स्कॅन वर-खाली स्क्रोल करता येतो का? नसेल येत तर तिथे तुम्ही स्पॉटर, म्हणजे परीक्षेतली 'बघा आणि ओळखा'वाली चित्रं, पाठ करताय. निवडलेली एक स्लाइस, त्यावर लाल बाण, खाली निदान, बघून वाटतं जमलं आपल्याला, पण कॅज्युअल्टीतला पेशंट बाण लावून येत नाही हो.

या कसोटीवर रेडिओपीडिया सरळ पहिला नंबर. २००५ मध्ये फ्रँक गेलार्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्टने सुरू केलेली साइट, जगभरातले डॉक्टर केसेस टाकतात, एडिटर मंडळी तपासतात आणि वाचायला एक रुपया लागत नाही, वर भारतासारख्या देशांतल्या डॉक्टरांना त्यांचे कोर्सही फुकट आहेत, आणि हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. क्विझ मोड लावला की निदान लपतं, मग तुम्ही आणि स्कॅन, तिसरं कोणी नाही.

पण लगेच भारी भारी केसेसवर उड्या मारू नका. नॉर्मल सीटी ॲबडोमेन काढा आणि एकच रचना धरून तिच्यामागे जा. उदाहरणार्थ स्प्लीनपासून निघा, स्प्लेनिक व्हेन पॅनक्रियाजच्या मागून येते, पॅनक्रियाजच्या नेकमागे सुपिरिअर मेसेंटेरिकला मिळते आणि तिथून पोर्टल व्हेन लिव्हरकडे वर जाते. फर्स्ट इयरला हे वाक्य आपण सगळ्यांनी व्हायवात धडाधडा म्हटलंय, पण माउसचं चाक फिरवत ती नस स्वतः शोधली की ते वाक्य डोळ्यांना दिसतं. मग तिथेच थांबून बघा, एसएमव्ही (हीच ती सुपिरिअर मेसेंटेरिक व्हेन) ही एसएमएच्या (त्याच नावाच्या आर्टरीच्या) उजवीकडे असते, उलटं दिसलं तर मालरोटेशनचा, म्हणजे आतडी जन्मतः नीट न वळल्याचा, संशय घ्यायचा. आणि हो, आपण पायाकडून बघतोय, म्हणजे पेशंटची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे, हे इंटर्नला दर बॅचला सांगावं लागतं.

तक्रार करायचीच तर लेख फार मुद्देसूद आणि कोरडे आहेत, रेडिओलॉजिस्टने रेडिओलॉजिस्टसाठी लिहिल्यासारखे. काही केसेसना हिस्ट्री म्हणून जेमतेम एक ओळ असते, आणि पुढे पेशंटचं करायचं काय हे तिथे शोधू नका.

फिजिऑलॉजीसाठी डीरेंज्ड फिजिऑलॉजी. ॲलेक्स यार्त्सेव्ह या ऑस्ट्रेलियातल्या इंटेन्सिव्हिस्टची ही साइट, मुळात तिकडच्या आयसीयू परीक्षांसाठी लिहिलेली, हीसुद्धा फुकट. माणूस तिरकस विनोद करत लिहितो आणि प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जातो, कधीकधी इतका की नाईटला वाचायला घेतलं तर दोन ॲडमिशन येऊन जातील तरी एक पान संपणार नाही. पण वाचाच, कारण आपण शिकलेलं बरंच बदललंय. केपिलरीच्या (सगळ्यात बारीक रक्तवाहिनीच्या) आर्टिरिअल टोकाला पाणी बाहेर जातं आणि व्हीनस टोकाला परत आत येतं ही आकृती आपण सगळ्यांनी काढलीय ना? आता असं मानतात की स्थिर अवस्थेत बहुतेक टिश्यूंमध्ये ते तसं परत येतच नाही, बाहेर गेलेलं लिम्फमधून परततं, आणि आतल्या बाजूचा ग्लायकोकॅलिक्स नावाचा थर त्यात महत्त्वाचा असतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन दिलं की सूज ओढून घेईल या भरवशावर असणाऱ्यांनी तो भाग आधी वाचावा.

श्वसनासाठी मात्र जॉन वेस्ट. सॅन दिएगोच्या युनिव्हर्सिटीतली त्यांची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत, झगमगाट शून्य, वयस्कर प्रोफेसर शांतपणे बोलतायत एवढंच, पण ते साधे माणूस नव्हेत. १९८१ मध्ये एव्हरेस्टवर जी वैद्यकीय मोहीम गेली ती त्यांनीच नेली होती आणि त्या मोहिमेतल्या ख्रिस पिझो या डॉक्टरने शिखरावर स्वतःच्या अल्व्हिओलर गॅसचे, म्हणजे फुप्फुसाच्या पिशव्यांतल्या हवेचे, नमुने घेतले. तिथला हवेचा दाब २५३ मिमी (पाऱ्याचा), त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करा, २१ टक्के घ्या, आत जाणारा ऑक्सिजन आला ४३. आता कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा ४० धरून अल्व्हिओलर गॅस इक्वेशन (आत जाणाऱ्या ऑक्सिजनमधून कार्बन डायऑक्साइड भागिले ०.८ वजा) सोडवून बघा, उत्तर शून्याच्या खाली जातं! पिझोचा कार्बन डायऑक्साइड होता ७.५, म्हणजे तो इतका जोरजोरात श्वास घेत होता म्हणूनच ऑक्सिजन ३५ च्या आसपास टिकला. हे एकदा कागदावर केलं की एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) बघताना ऑक्सिजनच्या आधी कार्बन डायऑक्साइडकडे नजर जाते, आणि रूम एअरवर असलेल्या पेशंटचा ऑक्सिजन ६५ बघून उगाच लंगला दोष देण्याआधी तो नीट श्वास तरी घेतोय का हे सुचतं.

आता पैसे भरून घेतलेल्यांबद्दल, नावं लिहीत नाही. एक थ्रीडी ॲनाटॉमी ॲप घेतलं होतं, दिसायला अप्रतिम, हृदय गरागरा फिरवा, मसल एकेक सोलून काढा, नातेवाइकांना समजवायला झकास, पण आडवा छेद दाखव म्हटलं की लंगडं, आणि त्यातला प्रत्येक देह एकदम आदर्श, व्हेरिएशन नावालाही नाही. दुसरा एक इमेजिंगचा कोर्स, फी डॉलरमध्ये, आत काय तर स्लाइड वाचणारा आवाज आणि तेच लाल बाण. वर वर्ष संपायच्या आत लॉगिन बंद, मेल केली तर तयार छापाचं उत्तर. सर्टिफिकेट मात्र तत्परतेने आलं. आपल्याला एमएमसीच्या (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या) रजिस्ट्रेशन रिन्यूअलला ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात, त्यामुळे वेबिनार म्यूट करून ओपीडी चालवणं हा राष्ट्रीय खेळ झालाय, पण क्रेडिट कमावणं आणि शिकणं हे दोन वेगळे हिशोब ठेवा.

सोनोग्राफीचं थोडं वेगळं आहे. लंगचे ए-लाइन, बी-लाइन, स्लायडिंग या स्क्रीनवरच्या खुणा व्हिडिओवर सुंदर शिकता येतं, लिख्टेनस्टाइनचा २००८ चा ब्लू प्रोटोकॉल, म्हणजे दम लागलेल्या पेशंटचं लंगच्या सोनोग्राफीवरून निदान करायची पद्धत, तर एका बैठकीत समजतो. पण प्रोब कुठे आणि किती तिरका धरायचा हे हाताला कळायला मशीन हातात पाहिजे, आणि आपल्याकडे पीसीपीएनडीटीमुळे (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे) प्रत्येक मशीनची नोंदणी, कोण वापरणार त्याची नोंदणी, म्हणून तुमच्या हॉस्पिटलात नियमात राहून कोणाला हात लावता येतो ते आधी रेडिओलॉजीच्या मॅडम-सरांना विचारा, नंतर कोर्सला पैसे भरा. नाहीतर नुसते व्हिडिओच बघत बसाल.

आणि खर्च करायचाच असेल तर एक बऱ्यापैकी मॉनिटर आणि चाकाचा माउस घ्या. मोबाइलवर अंगठ्याने सीटी ब्रेन स्क्रोल करताना एकदम पाच-सहा स्लाइस उडतात, आणि छोटा सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव) नेमका त्यातच असतो.