शिक्षकांच्या बदल्या: जिल्ह्याकडे की पोर्टलवर?

संघटनेच्या बैठकीआधी एका सहकाऱ्याने विचारलं, "सर, बाजू कोणाची घ्यायची?" जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या जिल्हा पातळीवर व्हाव्यात की शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर, याबद्दल माझं मत असं.

वशिला: पूर्वी बदल्या जिल्हा पातळीवर समुपदेशनाने, म्हणजे शिक्षकांना बोलावून रिक्त जागांतून शाळा निवडायला लावून, होत. रिक्त जागा लपवल्याची कुजबुज दर वर्षी असायचीच. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानंतर जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. अवघड क्षेत्र (दुर्गम गावांतल्या शाळा), पती-पत्नी एकत्रीकरण (दोघांना जवळच्या शाळा देणं) असे निकष सगळ्यांना सारखे. इथे पोर्टल सरळ जिंकतं.

चुकीची दुरुस्ती: इथे मात्र उलट. एकत्रीकरणाचा लाभ हवा तर पती-पत्नीच्या शाळांमधलं अंतर तीस किलोमीटरपेक्षा जास्त हवं. घाटातला रस्ता आणि नकाशावरची रेघ यांतला फरक गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगून कळतो. संगणकाला काय सांगणार?

हेलपाटे: पोर्टलमुळे कमी झाले म्हणतात. माहिती पडताळायला तालुक्याला जावंच लागतं, तेही सर्व्हर चालू असेल तर.

म्हणून ज्याच्या पाठीशी कोणी नाही, दुर्गम शाळेत वर्षं काढलीत, त्याने पोर्टलचाच आग्रह धरावा. सेवापुस्तकातल्या नोंदी, रजा, आजारपणाची अडचण यांसाठी पंचायत समितीच बरी. तिथला लिपिक निदान चेहऱ्याने ओळखतो.