व्हाइट सोनोरा गव्हाचं पीठ: टूसॉनहून आणलं, तीन महिने वापरलं

रोज कणीक मळणाऱ्याच्या हाताला पीठ लगेच कळतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला आल्यापासून मी बरीच पिठं वापरून बघितली. त्याच राज्यातल्या टूसॉन शहराच्या आठवडी बाजारातून आणलेलं व्हाइट सोनोरा गव्हाचं पीठ पहिल्यांदा परातीत ओतलं तेव्हाच जाणवलं, हे वेगळं आहे. रंग सायीसारखा, हाताला मऊ, वास किंचित गोडसर. नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलं आणि गोळा बोटांना चिकटून बसला. या गव्हाला पाणी कमी लागतं. पाकिटावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून आधीच सांगते.

बाजारात गेलो त्याच्या आदल्या दिवशी आम्ही टूसॉनच्या दक्षिणेला सान झेविअर देल बाक बघायला गेलो होतो. सपाट, धुळकट रानात ते पांढरंशुभ्र चर्च लांबूनच दिसायला लागतं. समोर उभं राहिलं की उजवीकडच्या मनोऱ्याला घुमट नाही, तो अपुराच राहिलेला. आत्ताची इमारत १७८३ ते १७९७ या काळातली. ती उभारायला राबले ते इथलेच मूलनिवासी ओ'ओडम लोक, आणि आजही चर्च त्यांच्याच भूमीवर आहे. पण माझ्या पिठाची गोष्ट त्याच्याही आधीची. एउसेबियो किनो हा जेसुइट (एका कॅथलिक संघाचा) पाद्री १६९२ मध्ये इथल्या ओ'ओडम वस्तीत आला. किनो आणि त्याच्यासारख्या पाद्र्यांबरोबर या वाळवंटात गुरं आली, फळझाडं आली आणि गहू आला. इथली जुनी पिकं म्हणजे मका, टेपरी नावाचा बारीक घेवडा आणि भोपळा, सगळी उन्हाळ्यातल्या पावसावर येणारी. गहू मात्र थंडीत पेरायचा आणि मे-जूनमध्ये काढायचा. म्हणजे साठवणीचं धान्य संपत येतं आणि पाऊस अजून लांब असतो, नेमका तेव्हा घरात दाणा. लोकांनी तो आपलासा केला याचं मला काही नवल वाटत नाही.

म्हणूनच मेक्सिकोत बऱ्याच ठिकाणी तोर्तिया, म्हणजे तिथली पोळी, म्हटलं की मक्याची, पण सोनोरा या उत्तरेकडच्या राज्यात गव्हाची. १८५४ मध्ये मेक्सिकोकडून हा भाग विकत घेण्याचा गॅड्सडेन करार पक्का झाला आणि टूसॉन अमेरिकेत गेलं, तरी तव्यावरची तोर्तिया तीच राहिली.

ती कशी करतात ते मी बाजारातच बघितलं. तिथल्या एका आजींनी उलटी ठेवलेली लोखंडी कढई म्हणावी तसा मोठा तवा तापवला होता. लाटणं नव्हतंच. लिंबाएवढा गोळा तळव्यांमध्ये थापटून त्यांनी तो एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकायला सुरुवात केली. बघता बघता तोर्तिया मनगटापर्यंत आली, मग कोपरापर्यंत. शेवटी इतकी पातळ झाली की पलीकडे त्यांच्या ॲप्रनवरची फुलं दिसत होती. हिला सोबाकेरा म्हणतात. मला हात लावू दिला तेव्हा मी सवयीने गोळा मुठीने रगडायला लागले. त्या म्हणाल्या, "या, या!" मी आणखी जवळ सरकले. मग त्यांनी माझं मनगटच धरलं, तेव्हा कळलं की स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'झालं, पुरे'. हा गहू रगडून घ्यायचा नसतो. त्याला ताण सोसतो, आणि ओढला की तो परत आक्रसत नाही.

घरी आल्यावर नेमकं तेच उपयोगी पडलं. तीन कप पीठ, मीठ, पाव कप तूप (आजी डुकराची चरबी घालतात, मी घालत नाही) आणि कोमट पाणी अगदी चमच्याचमच्याने. दोन मिनिटं मळून ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवलं. आजींएवढी मोठी मला जमत नाही, पण ताटाएवढी हाताने ओढता येते. तव्यावर टाकली की काही सेकंदांत फुगे येतात, लगेच उलटायची. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती मऊ होती. आमच्या घरी ती शिजवलेल्या पिंटो बीन्सबरोबर खातात आणि वर दोन चिल्तेपीन चुरडतात. ही मिरची जेमतेम मिरीएवढी असते, पण झणझणीत.

पाव करायचा असेल तर हे पीठ नुसतं वापरू नका. मी केला, तो बसका झाला. निम्मं ब्रेडचं पीठ मिसळल्यावर नीट फुगला आणि चवही छान आली. किंमत जास्त आहे, साध्या पिठाच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजले. पोळ्यांसाठी रोज एवढा खर्च मी करणार नाही, पण रविवारच्या तोर्तियांसाठी आनंदाने करीन. गेल्या शतकात जास्त उतारा देणारी नवी वाणं आली आणि हा गहू शेतांतून जवळपास गेलाच होता. आता टूसॉनच्या आसपास तो पुन्हा पिकतो, आणि पिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत.

तक्रार एकच, पण मोठी. दुसरं पाकीट मी वेगळ्या दुकानातून घेतलं. त्यावर दळल्याची तारीखच नव्हती. फोडलं तर वास जुनाट, तोर्तिया कडवट. कोंड्यासकट दळलेलं पीठ इथल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही, आणि दुकानदाराला हे माहीत असायला हवं. तारीख विचारल्याशिवाय घेऊ नका, घरी आणल्यावर थेट फ्रीझरमध्ये ठेवा, आणि जूनमध्ये गाडीच्या डिकीत तर तासभरही ठेवू नका. पुढच्या खेपेला मी पीठ न घेता गहूच घेणार आहे. घरी छोटी चक्की आहे, लागेल तसा दळीन.