‘हेड गेलंय’ म्हणून २८ हजार घेतले, गळत होता मागचा लोखंडी पाइप

गाडी २०११ची, पेट्रोल, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ८७ हजार किलोमीटर चाललेली. तक्रार एकच: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं. दर हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. पार्किंगमध्ये खाली डाग नाही, गाडी गरम होत नाही, तापमानाचा काटा कायम मधोमध. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दहा मिनिटांत निदान सांगितलं, ‘हेड गॅस्केट गेलंय. आत्ता केलं नाही तर इंजिन बसेल.’ हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो खालच्या ब्लॉकवर बसतो तिथलं सपाट सील म्हणजे हेड गॅस्केट. मालकाने होकार दिला. चार दिवसांनी गाडी मिळाली, सोबत २८,००० रुपयांचं कच्चं बिल. तीन आठवड्यांनी कूलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा खालच्या रेषेला.

जुन्या गाडीत ही फसवणूक इतकी सहज का होते, ते या बिलातच दिसतं. हेड गॅस्केट सेट ३,२००. हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून बसवणं) ४,५००. टायमिंग बेल्ट किट ३,८००. ऑइल आणि फिल्टर २,१००. कूलंट ८ लिटर २,४००. मजुरी १२,०००.

टायमिंग बेल्टच्या ओळीवर थांबा. या इंजिनाला बेल्टच नाही, टायमिंग चेन आहे. जो भाग इंजिनात नाही त्याचे पैसे घेतले. कूलंट आठ लिटर लिहिलंय, पण या मापाच्या इंजिनात, रेडिएटर आणि टाकी धरून, चार लिटरच्या आसपास मावतं. आणि ‘जुना भाग’ म्हणून डिकीत टाकून दिलेल्या गॅस्केटला सिलिंडरची चार भोकं होती. गाडी तीन सिलिंडरची! निदान चुकणं एखाद्या वेळी समजून घेता येतं. चार भोकांच्या गॅस्केटला चूक म्हणता येत नाही.

दुसऱ्या ठिकाणी गाडी लिफ्टवर घेतल्यावर हेड आणि ब्लॉकच्या मधून दिसणारी गॅस्केटची कड जुनी, तेलाने काळवंडलेली आणि धुळीने भरलेली निघाली. नवीन बसवलेलं गॅस्केट महिन्याभरात असं दिसत नाही. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरला मात्र ताजा सीलंट होता. म्हणजे कव्हर उघडून परत लावलं आणि हेडचं बिल केलं.

हे खपतं, कारण हेडचं काम बाहेरून दिसत नाही आणि कूलंट सावकाश कमी होतं. गाडी परत देताना सिस्टिम काठोकाठ भरलेली असते. पातळी पुन्हा नजरेत भरेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, आणि तोवर मालकाने ‘काम झालं’ म्हणून चार लोकांना त्या गॅरेजचा पत्ताही दिलेला असतो.

निदान पटवायला जे दाखवलं जातं तेही ठरलेलं आहे. पहिलं, ऑइल टाकायच्या झाकणाखालचा पांढरट, लोण्यासारखा थर. पावसाळ्यात किंवा रोज तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, हवेतली वाफ आतच गार होते आणि झाकणाला हा थर जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल बघा. तेही दूध घातलेल्या कॉफीसारखं असेल तरच काळजी करायची. शंका असेल तर त्याचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका (स्वयंपाकघरातला तवा नको). पाणी असेल तर तडतडतं. दुसरं, सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर आणि थेंब थेंब पाणी. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. पाच-दहा मिनिटांत ते थांबलं तर काही झालेलं नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर गोष्ट वेगळी. तिसरं, रेडिएटरमधले बुडबुडे, बहुतेक वेळा मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवलेले. कूलंट नुकतंच भरलं असेल तर आत अडकलेली हवा बाहेर येणारच. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडतो, पातळी एकदम खाली बसते आणि बुडबुडे संपतात. म्हणून ‘बुडबुडे आहेत’ एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, ते कधी सुरू होतात आणि कधी थांबतात ते बघायचं.

गॅस्केट खरोखर गेलं असेल तर पुरावे स्पष्ट असतात. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप हातात धरा. पाइप अजून गार आहे, पण मिनिट-दोन मिनिटांतच टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. ही तपासणी फुकट आहे. दुसरी तपासणी निळ्या द्रावणाची. काचेच्या नळीत द्रावण घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि आतली हवा त्यातून ओढतात. त्या हवेत जळालेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. नळीत कूलंट मात्र शिरू देऊ नये, नाहीतर रंग बघण्यात अर्थ उरत नाही. तिसरी खूण स्पार्क प्लगची. तीनपैकी एकच प्लग धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. यातलं काहीही न करता ‘हेड खोलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून गाडीची चावी परत घ्यावी.

या गाडीत खरं कारण सापडलं ते प्रेशर टेस्टरने. हा हातपंप आणि मीटर बहुतेक बऱ्या गॅरेजमध्ये असतो. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. सिस्टिममध्ये दाब असल्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, झाकण सैल होताच उकळून अंगावर उडतं. साधं पाणीसुद्धा ०.९ बारच्या झाकणाखाली ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकणाच्या जागी टेस्टर बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब भरायचा, ०.९ किंवा १.१ बार. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. काटा हलला नाही तर गाडी तापवून पुन्हा तेच.

इथे थंड असतानाच काटा वीस मिनिटांत ०.९ वरून ०.६ वर आला. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघितल्यावर गळती दिसली: ब्लॉकच्या मागून वॉटर बॉडीकडे (कूलंट फिरवणाऱ्या पंपाकडे) जाणाऱ्या लोखंडी पाइपला, ब्रॅकेटच्या खाली, सुईएवढं छिद्र. भोवती पांढरट-तांबूस खपली. गाडी चालताना तिथून निघणारा थेंब गरम ब्लॉकवर पडून लगेच वाळत होता, म्हणून जमिनीवर डाग नव्हता. पाइप, ओ-रिंग, नवीन कूलंट आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

पाइप आतून का सडला? आधीची काही वर्षं टाकीत बोअरचं पाणी भरलं जात होतं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकोलबरोबर गंज रोखणारी द्रव्यंही असतात. पाणी भरत गेलं की ती पातळ होतात, आणि शिवाय बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत जमतात. भरायचंच असेल तर आरओचं नव्हे, डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, आणि शक्यतो तेही नको, तयार मिसळलेलं कूलंटच आणा. चव गोड पण विषारी असतं हे लक्षात ठेवा. सांडलेलं लगेच पुसा, कुत्री-मांजरं चाटतात.

सगळ्याच गाड्यांत पाइप नसतो सडत. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित दोषी म्हणजे रेडिएटरचं झाकण. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढल्यावर कूलंट टाकीत सोडतो, दुसरा इंजिन गार होताना ते परत ओढून घेतो. रबर कडक झालं की हे चक्र तुटतं. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर परत ओढणारा व्हॉल्व्ह अडकलाय. टाकी भरलेली पण रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर झाकण किंवा टाकीला जाणारी बारीक नळी तपासा. नळीला चीर असेल तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते, आणि फक्त टाकी बघणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक आहे. झाकण दोन-तीनशे रुपयांचं असतं. त्यानंतर वॉटर बॉडीच्या खालचं छोटं भोक. सील खराब झाली की तिथून गळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं, वाळलेला हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला तर समजायचं. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तो जोड. होज पाइप आवळणाऱ्या जुबली क्लिप, ज्या थंडीत रबर आकसलं की सैल पडतात. आणि हीटरचा छोटा रेडिएटर: आपण हीटर लावत नसलो तरी बऱ्याच गाड्यांत कूलंट त्यातून फिरत असतं. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला, काचेवर आतून तेलकट धुकं, केबिनमध्ये गोड वास, या त्याच्या गळतीच्या खुणा. मात्र एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी मोजू नका, ते एसीचंच असतं.

गॅरेजला जाण्याआधी घरी एक आठवडा मोजमाप करा. सकाळी, थंड इंजिन, सपाट जागा. टाकीवर पातळीची खूण मार्करने करा, शेजारी किलोमीटर लिहा. भरताना मोजून भरा, औषधाची मोठी सिरिंज चालते. ‘बरंच कमी होतं’ याऐवजी ‘४०० किलोमीटरला २०० मिली’ असं सांगितलंत की समोरच्याचा आवाजच बदलतो.

काही जण टेस्टर वापरतात, पण चुकीचा. ०.९ च्या सिस्टिममध्ये दीड बार भरला की जुन्या गाडीत काहीतरी गळणारच, आणि मग तेच ‘निदान’. मीटर तुमच्यासमोर बघा. गळती थांबवणारी पावडर टाकू देऊ नका, ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजवते. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील’ हेही नको, इंजिन सतत अपुरं तापलेलं राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. कूलंटच्या नावाने पाणी भरलंय का हे रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) एका थेंबात कळतं. आणि हेड उतरवलंच, तर फेसिंगला पाठवण्याआधी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) लावून वाकण किती आहे ते समोर मोजून घ्या. छोट्या इंजिनात मर्यादा बहुधा ०.०५ मिमीच्या आसपास असते. त्याच्या आत असेल तर फेसिंगचे पैसे कशाचे? जुन्या गॅस्केटचा फोटो इंजिनाशेजारी ठेवून काढा. फुटलेल्या जागी सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळा माग दिसतो.

या मालकाला पैसे परत मिळाले नाहीत. गॅरेजचं उत्तर होतं, ‘तेव्हा हेडच होतं, पाइप नंतर गेला.’ खोडून काढायला कागद नव्हता: बिलावर गाडीचा नंबर नाही, किलोमीटर नाहीत, कोणतीही तपासणी नोंदलेली नाही. हाती आहे ते चार भोकांचं गॅस्केट आणि बेल्टची ओळ. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण तिथेही कागदच लागतो. म्हणून गाडी सोडताना जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘थंड इंजिन, दाब ०.९ बार, २० मिनिटांत घट ____, गळतीची जागा ____. मला दाखवल्याशिवाय हेड उघडू नये. जुने भाग परत द्यावेत.’ आणि त्याखाली गॅरेजवाल्याची सही घ्या.