व्हॅनमध्ये ट्युब्युलरच ठेवू की लिथियम टाकू? आधी मीटर लावून बघा

'कॅम्परची बॅटरी गेलीये, लिथियम घेऊ का' असं कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न, मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजलंत का? कारण मी स्वतः फसणार होतो. दिवेआगरला पहाटे चहाला किटली लावली की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद, बॅटरी 150 एएचची (अँपिअर-अवर, किती चार्ज साठतो त्याचं माप) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-ॲसिड, दोन वर्षं झालेली, म्हटलं संपली ही. मुंबईत परत आल्यावर चार्ज करून, रात्रभर तशीच ठेवून मोजली तर 12.6 व्होल्ट, म्हणजे जवळपास फुल. मग किटली चालू ठेवून मोजलं, बॅटरीवर 11.7 आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 10.4! मधले 1.3 व्होल्ट केबलच खात होती. 1000 वॉटच्या किटलीला 12 व्होल्टवर 90-100 अँपिअर लागतात आणि माझी वायर बारीक, त्यात खाऱ्या हवेने लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) हिरवट फूल धरलेलं, हात लावला तर चटका. लॅमिंग्टन रोडवरून 35 स्क्वेअर एमएमची केबल आणली, लग प्रेस करून घेतले, चहा झाला.

एवढं करूनही बॅटरीच गेलेली निघाली तर मग तुलना करा. 150 ची ट्युब्युलर 50-60 किलोची आणि ती निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हातात 75 एएच. 100 ची लिथियम साधारण 12 किलोची आणि 80 तरी आरामात देते. शिवाय ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद गाडीत तिच्या शेजारी झोपायचं म्हणजे बाहेर काढलेला व्हेंट पाहिजेच.

पण लिथियमचे नखरे वेगळे. ट्युब्युलरचं व्होल्टेज हळूहळू उतरतं त्यामुळे अंदाज येतो, लिथियम शेवटपर्यंत 13 च्या आसपास दाखवते आणि मग आतला बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) एकदम कट करतो, मीटरवर जवळपास शून्य, आणि माणूस नवी बॅटरी मेली म्हणून घाबरतो (बऱ्याचदा योग्य चार्जर लावला की उठते). म्हणून शंटवाला मॉनिटर हवा, जो आत-बाहेर गेलेला करंट मोजून किती चार्ज उरलाय ते दाखवतो. जुन्या इन्व्हर्टरला लिथियम मोड आहे का तेही बघा, इक्वलायझिंगला (लेड-ॲसिडसाठी अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजवर केलेल्या चार्जिंगला) 15 च्या वर व्होल्टेज गेलं की बीएमएस ट्रिप. आणि गाडीच्या इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून थेट चार्ज करू नका, लिथियम एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, मध्ये करंटला आवर घालणारा डीसी टू डीसी चार्जर लागतो. नुसत्या बॅटरीची किंमत बघून बजेट काढलंत तर गंडाल.

मला विचाराल तर गाडी कमी वापरणाऱ्यानेच लिथियम घ्यावी, लोक उलटं समजतात. जून ते सप्टेंबर गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली उभी, ट्युब्युलर महिन्या-महिन्याला चार्ज केली नाही तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरून बसते. लिथियम अर्धी चार्ज करून मेन स्विच ऑफ करा, गणपतीनंतर बघा. ट्युब्युलर चांगली असेल तर घरच्या इन्व्हर्टरला लावून टाका, तिथे तिचं वजन कोणाला उचलायचंय.