स्पेसशिप अर्थ: चार निवेदनं, सात महिने आणि आईसाठी लिहिलेलं पाचवं

मे महिन्यात आईला घेऊन आम्ही फ्लोरिडाला माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. तिथल्या डिस्ने कंपनीच्या एपकॉट पार्कमधली ‘स्पेसशिप अर्थ’ ही राइड आम्ही चार दिवसांत पाच वेळा केली. मुलुंडला परतल्यापासून गेले सात महिने तिची चाहत्यांनी केलेली रेकॉर्डिंग्ज मी जवळजवळ रोज ऐकतेय, जाता-येता लोकलमध्ये आणि रविवारी घरी टीव्हीवर आईसोबत. अंधेरीच्या एका स्टुडिओत मराठी डबिंगचे संवाद आणि निवेदनं लिहिणं हे माझं काम. कुठलं वाक्य किती सेकंदांत बसतं हा रोजचा हिशेब. त्यामुळे या राइडचं कुठलं निवेदन चांगलं, हा चाहत्यांमधला कितीतरी वर्षांचा वाद मला लगेच आपला वाटला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८० फूट उंच, म्हणजे आपल्याकडची सोळा-सतरा मजली इमारत होईल एवढा, चंदेरी गोल. बाहेरून ११,३२४ त्रिकोणी पाट्या. त्यांच्या फटींतून पावसाचं पाणी आत घेतात आणि पन्हळीतून शेजारच्या तळ्याकडे सोडतात, त्यामुळे गोलाखाली उभ्या माणसावर धार पडत नाही. (आमच्या सोसायटीच्या गच्चीचं काम काढलं तेव्हा मला हे फार आठवलं.) आत संथ गाड्यांची न थांबणारी माळ चढत जाते आणि साधारण पंधरा मिनिटांत माणूस माणसाशी कसा बोलू लागला याची गोष्ट दिसते: गुहेतली चित्रं, इजिप्तचा पपायरस, फिनिशियन व्यापाऱ्यांची अक्षरं, रोमचे रस्ते, गुटेनबर्गचा छापखाना, तार, टेलिफोन, सिनेमा, कॉम्प्युटर. राइड सुरू झाली १ ऑक्टोबर १९८२ ला, एपकॉटसोबतच. गोष्ट रचण्यात विज्ञानकथा लिहिणाऱ्या रे ब्रॅडबरींचा हात होता, आणि पहिली प्रायोजक टेलिफोनवाली बेल सिस्टिम होती.

आई पहिल्याच वळणावर म्हणाली, “अगं, हे तर आपल्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यासारखं!” मला याहून चांगलं वर्णन सुचलेलं नाही. गिरगावात वाढलेल्या कुणालाही ते पटेल. मान हलवणाऱ्या मूर्ती, मागे रंगवलेलं आभाळ, त्यावर सोडलेला उजेड, आणि या सगळ्याला जीव देणारा एक ध्वनिमुद्रित आवाज. निवेदन चुकलं की चांगला देखावाही मुका वाटतो, हे आम्ही दर गणपतीत पाहिलंय.

देखावे बरेचसे तेच राहिले, आवाज मात्र बदलत गेले. पहिलं निवेदन १९८२ चं. १९८६ मध्ये वॉल्टर क्रॉन्काइट आले, अमेरिकेत घराघरांत ओळखीचा असलेला बातम्यांचा आवाज. १९९४ मध्ये ब्रिटिश अभिनेते जेरेमी आयर्न्स. त्यानंतर २००८ पासून ब्रिटिश अभिनेत्री जुडी डेंच, आणि आम्ही गेलो तेव्हाही त्याच होत्या. २०१९ मध्ये कंपनीने मोठं नूतनीकरण आणि नवं निवेदन जाहीर केलं होतं, पण पुढच्या वर्षी महामारी आली आणि ते बारगळलं.

भाऊ २००१ मध्ये शिकायला गेला तेव्हा त्याने पहिल्यांदा ऐकले ते आयर्न्स. घरापासून इतक्या लांब एकट्याने ऐकलेला तो आवाज त्याच्या मनात कायमचा बसलाय. तो म्हणतो, “ताई, त्या आवाजात वाटायचं की हे सगळं माणसाने केलंय आणि मीही त्या माणसांतला एक आहे. आता नुसती माहिती मिळते.” माझी चौदा वर्षांची मुलगी नेमकी उलट. आग लागलेल्या रोमनंतर अरब आणि ज्यू विद्वानांनी ग्रंथ जपून ठेवल्याचा देखावा येतो. डेंचच्या निवेदनात त्याला जगातला पहिला ‘बॅकअप’ म्हटलंय. भावाला तो शब्द खटकतो. मुलगी म्हणते, “मामा, मला तो प्रसंग कळला तो त्या एका शब्दामुळे.” तिचं म्हणणं मी खोडू शकत नाही. निवेदन ज्याच्यासाठी असतं त्याला ते कळणं हे पहिलं काम आहे, आणि डेंच ते मायेने करतात.

पण माझा कौल आयर्न्सकडे आहे, आणि तो मला आईने दिला.

आईला इंग्रजी येत नाही. गाडीत समोरच्या स्क्रीनवर भाषा निवडता येते, स्पॅनिश, जर्मन, जपानी वगैरे. मराठी असण्याची अपेक्षाच नव्हती. म्हणून पहिल्या फेरीत मी तिच्या कानाशी लागून डेंचचं वाक्य न् वाक्य मराठीत सांगत होते. ऐकायचं, फिरवायचं, बोलायचं. तोवर पुढचं वाक्य आलेलं असायचं. मी धापा टाकत फिनिशियनांपर्यंत पोचले. रोम आलं, अंधारात खरंच जळक्या लाकडाचा वास आला, आणि मी साम्राज्य कसं कोसळलं ते सांगत होते. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “जरा गप्प बस गं. मला बघू दे.”

त्या वाक्यावर मी सात महिने काम करतेय.

परत आल्यावर ठरवलं, आईसाठी मराठी निवेदन लिहायचं. आधी डेंचच्या संहितेवरून लिहिलं. नऊशेच्या वर शब्द झाले. रविवारी संध्याकाळी दिवा लावून झाला की मुलगी लॅपटॉप टीव्हीला जोडते, आवाज अगदी बारीक करते, आणि मी समोर बसून वाचते. पहिल्या दोन रविवारी आई ऐकत होती, पण तिचे डोळे माझ्याकडे होते, पडद्याकडे नव्हते. डबिंगमध्ये ज्या चुकीवर मी इतरांना टेक परत करायला लावते तीच माझ्या हातून होत होती. बोलणं चित्राच्या पुढे धावत होतं. मग आयर्न्सचं रेकॉर्डिंग टाइमकोड लावून, म्हणजे सेकंदांची नोंद ठेवत, ऐकलं. तिथे वाक्य संपल्यावर संगीताला वाव आहे, आणि डोळ्याला देखाव्यावरून फिरायला वेळ आहे. डेंचच्या निवेदनात श्रोत्याचं बोट सतत धरलेलं असतं. लहान मुलाला ते हवं असतं. पण आयुष्य पाहिलेलं माणूस देखाव्यात स्वतःचं काहीतरी शोधत असतं, आणि त्याला बोट सोडून हवं असतं.

क्रॉन्काइटचं निवेदनही मला आवडतं. भारदस्त, विश्वासाचं. पण ते मी तीनचारदाच ऐकलं. पहिल्या निवेदनाची हाती आलेली रेकॉर्डिंग्ज इतकी खरखरीत आहेत की त्यावर मत देणं योग्य होणार नाही.

आता गुटेनबर्गबद्दल. हा देखावा आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा पाहिला गेलाय. एक माणूस छापयंत्रापाशी आहे आणि गुटेनबर्ग नुकताच छापलेला कागद हातात धरून निरखतोय. माझे वडील गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे शेकडो खण लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांबद्दल बाबा देवाबद्दल बोलावं तसं बोलायचे. आईने हा देखावा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती गाडीत पुढे झुकली. तेव्हा काही बोलली नाही. घरी चौथ्या-पाचव्या रविवारी म्हणाली, “कागद बघ कसा धरलाय. उजेडाकडे. तुझे बाबा मुद्रित असंच बघायचे. आधी वाचायचे नाहीत, नुसतं बघायचे. शाई कुठे जाड बसली, कुठला खिळा झिजला. वाचायचं नंतर.”

त्या जागी माझ्या संहितेत चार वाक्यं होती. साल, शहर, शोधाचं महत्त्व. मी सगळी खोडली. आता एकच वाक्य आहे: “आधी तो बघतो, वाचणार नंतर.” बाकी वेळ यंत्राचा आवाज. सात महिन्यांत संहिता साडेतीनशे शब्दांवर आली, आणि आईचे डोळे आता पडद्यावर असतात.

सगळ्यात वर, गोलाच्या माथ्यावर, अंधारात तारे आणि त्यात आपली पृथ्वी दिसते. तिथे मी एकही शब्द ठेवलेला नाही. वरळीच्या नेहरू तारांगणात लहानपणी दिवे मालवले आणि घुमटभर तारे आले की सगळी शाळा गप्प व्हायची. ती गप्प होणारी वेळ मला आईला द्यायची होती.

उतरणीबद्दल मात्र मी स्पष्ट लिहिते. इथे गाडी उलटी फिरते आणि आपण पाठमोरे खाली येतो. १९९४ च्या रूपात या वाटेवरही देखावे होते, पडद्यावरून एकमेकांशी बोलणारी दूरदेशीची मुलं, प्रकाशतंतूंनी लुकलुकणारं शहर. आता अंधार आहे आणि समोर स्क्रीन. सुरुवातीला काढलेला आपला चेहरा तिथे एका कार्टूनमधल्या भविष्यात बसवून दाखवतात. मुलगी खळखळून हसली, मलाही पहिल्यांदा मजा वाटली. आईने आपला चेहरा पाहिला आणि विचारलं, “बाहेर काय आहे आता?” बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. माणसाच्या हजारो वर्षांच्या गोष्टीनंतर माझ्याच तोंडाचं चित्र मला पुरत नाही. नूतनीकरण कधी झालंच तर पहिला पैसा उतरणीवर खर्च व्हावा, आवाज नंतर बदला.

एक उणीव चारही निवेदनांत सारखी आहे. या गोष्टीत भारताचा देखावा नाही. कॉम्प्युटर आहे, गॅरेजमधला तरुण आहे, पण ज्या शून्यावर ते सगळं चालतं ते जिथे रुजलं ती माणसं नाहीत. भाऊ म्हणतो, “ताई, पंधरा मिनिटांत काय काय घालणार?” खरंय. तरी एक गाडी पुढे सरकेल एवढ्या वेळात पाटीवर शून्य गिरवणारा एक हात दाखवता येईल. मी माझ्या निवेदनात विद्वानांच्या देखाव्यावर ते शून्य घातलंय, सहा सेकंदांत.

कुणी जाणार असाल तर माझा सल्ला: पहिल्या फेरीत स्क्रीनवरची भाषा, निवेदन, काहीही मनावर घेऊ नका, नुसतं बघा. दुसऱ्या फेरीत ऐका. सोबत वयस्कर माणूस असेल तर चढताना-उतरताना घाई करू नका, गाड्या सरकत्या असतात. भाषेची अडचण असेल तर प्रत्येक देखाव्याला एकच वाक्य घरून ठरवून न्या. दोन नकोत.

आयर्न्सचं निवेदन परत यावं असं भावाला वाटतं. मला वाटतं, नवा आवाज कुणाचाही येऊ दे, संहिता १९९४ च्या श्वासाची असावी आणि त्यात डेंचच्या ‘बॅकअप’सारखे दोनतीन शब्द मुलांसाठी जरूर असावेत. मुलगी यावर अजून राजी नाही. गेल्या आठवड्यात फोनवर मामा-भाचीची पाऊण तास बाचाबाची झाली.

येत्या रविवारी छापखान्याचं निवेदन आई स्वतः म्हणणार आहे. मी तिला अठरा सेकंद दिलेत. तिला वीस हवेत.